इथं कोण आलं, ते इथं सांगत नाहीत

संपादकांचा फोन आला. म्हणाले, दवाखान्यातल्या तुमच्या नोकरीवर लिहा, चार चांगले अनुभव येऊ द्या, वाचकांना बरं वाटलं पाहिजे. मी म्हटलं, बरं वाटायला डॉक्टर लागतो, मी केस पेपरच्या खिडकीवर होते. आणि त्या खिडकीवरून मला उठवलं, त्याची ही दुसरी दिवाळी. राग अजून तसाच आहे. तो निवल्यावर लिहीन म्हटलं तर लिहिणंच होणार नाही, म्हणून आत्ताच लिहिते.

आधी माझी अट. या लेखातल्या पेशंट लोकांची नावं, गावं, नाती मी बदलली आहेत. आमच्या वसाहतीतल्या बायका अंक हातात पडला की "ही कोण गं?" म्हणून ओळखायला बसणार, हे मला माहीत आहे. खुशाल बसा. जिला तुम्ही ओळखाल ती ती नसेल. अण्णांबद्दल मात्र मी काही बदललेलं नाही. ते दवाखान्यात पेशंट म्हणून यायचे नाहीत, अध्यक्ष म्हणून यायचे. अध्यक्षाची गोष्ट गुप्त ठेवायची असं कुठल्या फलकावर लिहिलेलं मी तरी वाचलेलं नाही.

दवाखान्याच्या आधी मी साड्या विकायची. शहरात गुलमंडीवर जाऊन माल उचलायचा, गठ्ठा घेऊन वाळूजच्या बसमध्ये चढायचं आणि कामगारांच्या वसाहतीत दारोदार फिरायचं. नवऱ्याची नोकरी ठेक्यावरची, आज आहे तर उद्या नाही. घर त्या गठ्ठ्यावर उभं राहिलं. गुलमंडीतले व्यापारी मला बघून आधी चहा सांगायचे आणि मग कपाळाला हात लावायचे. "भाव एकच" अशी पाटी लावलेल्या दुकानात मी मुद्दाम शिरायची. पाटी लावणाऱ्याला घासाघीस येत नाही म्हणून तो पाटी लावतो, असं माझं मत होतं.

साडीवालीला लोकांच्या घरात आतपर्यंत वाट असते. त्यामुळं लग्नाची चौकशी हटकून तिच्याकडं येते. पोरगी कशी आहे, आई-बापाचं पटतं का, मागं काही आजार होता का. साडी एकदा विकली की संपली. बातमी मात्र विकली तरी विकणाऱ्याकडं उरतेच, आणि तीच पुन्हा दुसऱ्याला विकता येते. तिच्याइतका नफ्याचा माल मी बाजारात दुसरा पाहिला नाही. मी त्या काळात काय विकलं आणि काय नाही, हा साडीच्या धंद्यातला प्रश्न आहे. दवाखान्याच्या लेखात त्याचं उत्तर द्यायला मी बांधील नाही.

आमचा दवाखाना देणगीवर चालणारा. दोन खोल्या, पुढं पत्र्याची ओसरी, ओसरीत बाकडी आणि भिंतीत एक खिडकी. तिथं मी स्वतः ताप घेऊन गेले होते. रांगेचा नुसता बाजार झाला होता. ज्याचा आवाज मोठा तो पुढं. माझा आवाज सगळ्यात मोठा निघाला. मी उभ्या उभ्या रांग लावून दिली, तेव्हा डॉक्टरबाई आतून बाहेर आल्या. शहरातून येणाऱ्या, हळू बोलणाऱ्या बाई. म्हणाल्या, तुम्ही रोज याल का? मी पगारावर घासाघीस केली आणि ताप उतरल्यावर रुजू झाले.

खिडकीचं काम बाहेरून सोपं दिसतं. नाव विचारायचं, केस पेपर काढायचा, नंबर द्यायचा, जुना पेपर असेल तर शोधून आत पाठवायचा. पण त्या चौकटीतून अख्खी वसाहत कपड्यांशिवाय दिसते. कोण कशासाठी आलं, कुणाबरोबर आलं, कुणाला न सांगता आलं. डॉक्टरला आजार दिसतो, खिडकीला माणूस आणि आजार दोन्ही एकदम दिसतात.

डॉक्टरबाईंनी भिंतीवर फलक लावायला सांगितला, रुग्णांचे हक्क आणि जबाबदाऱ्या. पेंटरनं हक्क मोठ्या अक्षरात काढले आणि जबाबदाऱ्या खाली बारीक करून कोंबल्या. म्हणे जागा संपली. मी म्हटलं, पूस आणि पुन्हा काढ. हा सौदा आहे. सौद्यात देणं आणि घेणं एकाच अक्षरात लिहायचं असतं, नाहीतर ती फसवणूक. तो कुरकुरला, पण त्यानं पुसलं.

आणि तो सौदा मी दोन्ही बाजूंनी वसूल करायची. नगरसेवकाचा माणूस पांढऱ्या बुटांत यायचा आणि रांगेला वळसा घालून थेट खिडकीत डोकं घालायचा. मी त्याला फलक दाखवला. तो म्हणाला, "मला वाचायला नका सांगू मावशी, मी कोण हाय ते विचारा." मी म्हटलं, "विचारते ना, केस पेपरवर तेच पहिलं असतं. रांगेत या, मग विचारते." तो रांगेत लागला. रागानं लागला, पण लागला. गोळ्यांचं तर रोजचंच. जरा बरं वाटलं की लोक गोळ्या अर्ध्यावर सोडतात आणि उरलेल्या शेजारणीला देतात. अशांना मी खिडकीतून असं बोलायची की आत डॉक्टरबाई खोकायच्या. त्यांचा खोकला म्हणजे "आता पुरे" ही खूण. मी बहुतेक वेळा ऐकायची.

पण सगळ्यात मोठी पंचाईत होती नावाची. आमच्याकडं बायका खोटं नाव सांगायच्या. आणि खोटं म्हणजे मनानं रचलेलं नाही. जावेचं, नणंदेचं, शेजारणीचं. एक बाई अशीच जावेच्या नावावर आली. जावेचा जुना पेपर आमच्याकडं होता, तो मी काढून आत पाठवला. जावेला रक्तदाबाची गोळी चालू होती. ती गोळी चालू ठेवा, असं आतून लिहून आलं आणि या बाईनं ती मुकाट्यानं घेतली. दोन दिवसांनी कंपनीच्या बसथांब्यावर चक्कर येऊन पडली. वाचली, पण डोकं फुटलं. मी तिच्यावर चिडले. म्हटलं, बाई, स्वतःचं नाव सांगायला काय झालं होतं? ती टाके घातलेल्या कपाळानं म्हणाली, "मावशी, नाव सांगितलं तर गावभर होतं. तुमच्या खिडकीतूनच तर होतं."

हे खरं होतं. माझ्यामुळं नाही, मंगल सिस्टरमुळं. मंगल सिस्टर म्हणजे आमची नर्स. मनानं इतकी चांगली की तिचा राग करायलाही लाज वाटावी. कुणी मुलीची चौकशी करायला आलं आणि मुलगी कधी दवाखान्यात आलेलीच नसली, की ती खुशीत सांगायची, "नाय हो, ती कधीच आली नाय, चांगली निरोगी पोरगी हाय." तिला वाटायचं आपण पोरींचं भलं करतोय. आणि जी पोरगी येऊन गेलेली असायची, तिच्याबद्दल विचारलं की सिस्टर म्हणायची, "ते आम्ही सांगत नसतो." प्रामाणिकपणे म्हणायची. पण ऐकणारे काय मूर्ख होते? दहाजणींना "नाही" मिळालं आणि अकरावीला "सांगत नसतो", म्हणजे अकरावीचं सगळं सांगून झालं. माणसं "बरं" म्हणायची, चहा न घेता उठायची आणि स्थळ मोडायचं.

हे माझ्या ध्यानात आलं, कारण मी व्यापारी आहे. "हा माल माझ्याकडं नाही" असं दुकानदार नऊ वस्तूंबद्दल म्हणाला आणि दहावीबद्दल नुसता गप्प बसला, तर ती त्याच्याकडं आहे हे गिऱ्हाइकाला कळतंच. म्हणून मी नियम केला. विचारणारा कुणीही असो, पोरगी आलेली असो वा नसो, उत्तर एकच. "इथं कोण आलं, ते इथं सांगत नाहीत." एक शब्द कमी नाही, एक शब्द जास्त नाही. मंगल सिस्टरकडून मी हे वाक्य पाठ करून घेतलं. ती रडली. म्हणाली, आपल्या एका शब्दानं एखाद्या पोरीचं चांगलं होत असेल तर? मी म्हटलं, त्याच शब्दानं दुसरीचं वाटोळं होतं. आणि मग ती दुसरी जावेच्या नावावर येते आणि बसथांब्यावर पडते.

बायकांशी माझा सौदा ठरला, खरं नाव द्या, बंद तोंड घ्या. हळूहळू खरी नावं येऊ लागली.

मला वाटलं होतं, या नियमावरून आजारी पोरींचे घरचे "खोटं का होईना, नाही म्हणा" म्हणून भांडायला येतील. झालं उलटंच. भांडायला आले निरोगी पोरींचे बाप. फर्दापूरकडचा एक गडी, इथं वसाहतीत नातेवाइकांकडं राहणाऱ्या मुलीचं स्थळ अडलं म्हणून एवढ्या लांबून आला आणि खिडकीवर मुठी आपटायला लागला. "माझी पोरगी तुमच्या दवाखान्याची पायरीबी चढली नाय. मग नाय म्हणायला तुमच्या बाचं काय जातं?" मी त्याला तेच वाक्य सांगितलं. तो म्हणाला, अहो मी बाप आहे. मी पुन्हा तेच सांगितलं. शेवटी तो ओसरीत बसला आणि म्हणाला, असला आडमुठा दवाखाना मी जन्मात पाहिला नाही. मी त्याला पाणी दिलं. हक्कांमध्ये पाणी आहे.

आता अण्णांची गोष्ट. अण्णा म्हणजे आमच्या ट्रस्टचे अध्यक्ष. प्लॉटिंगचा धंदा, हातात अंगठ्या, देणगी मोठी. त्यांच्या भावाची मुलगी, तिला आपण रेखा म्हणू. तिला सिल्लोडकडचं स्थळ आलं होतं, कापूस आणि मक्याचा व्यापार असलेलं घर. सगळं ठरत आलं होतं, तेवढ्यात मुलाचे मामा आमच्या खिडकीवर आले. मुलाकडच्या कुणीतरी रेखाला आमच्या फाटकातून आत जाताना पाहिलं होतं. अध्यक्षाची पुतणी म्हटल्यावर ती फाटकातून शंभर कारणांनी आत जाईल, पण लोकांना एकच कारण सुचतं.

मामांनी विचारलं, मी वाक्य सांगितलं.

"म्हणजे येत होती," मामा म्हणाले.

"म्हणजे काहीच नाही."

"नसती आली तर तुम्ही नाही म्हणाला असता. तुमच्या सिस्टर आमच्या साडूच्या मुलीच्या वेळी म्हणाल्या होत्या की."

मंगल सिस्टरची ती जुनी चांगुलपणाची सवय अशी आमच्या दारात परत आली.

दुसऱ्या दिवशी अण्णा ओसरीत हजर. एरवी ते मला "बाई" म्हणायचे. त्या दिवशी "ताई" म्हणाले, तेव्हाच मी सावध झाले. म्हणाले, "ताई, तुम्ही फक्त एवढंच म्हणा, आली नव्हती. तीन शब्द पण नाहीत."

मी म्हटलं, "आज तुमच्या पुतणीसाठी म्हणाले, तर उद्या जिच्यासाठी म्हणणार नाही त्या पोरीचं काय?"

"ती मला काय करायची?"

"तुम्हाला करायची नाही, म्हणून तर खिडकीवर मी आहे."

मग अण्णांनी बोली लावली. दवाखान्याला तिसरी खोली. मग खोलीवर एक्स-रे मशीन. मग माझा पगार. आयुष्यात पहिल्यांदा समोरचा माणूस आपण होऊन भाव वाढवत होता आणि माझ्या तोंडून आकडा निघत नव्हता. डॉक्टरबाई आतून ऐकत होत्या. त्या माझ्याच बाजूच्या होत्या, पण त्यांची बाजू त्यांच्या आवाजासारखीच हळू असते.

शेवटी अण्णांनी बोली थांबवली आणि विचारलं, "पोरीचं लग्न मोडलं तर?"

हा प्रश्न मात्र मला लागला. नियमाची किंमत मी देत नव्हते, ती पोरगी देत होती. माझ्या तोंडावरच्या कुलपापायी तिचा संसार उभा राहण्याआधीच मोडणार असेल, तर ते कुलूप मी कुठल्या तोंडानं मिरवायचं? त्या दिवशी मी इतकंच म्हणाले की ज्याची गोष्ट त्यानं सांगावी. फलकावर तसंच लिहिलंय, पेशंटची माहिती पेशंटची. रेखा आमची पेशंट असो वा नसो, तिची गोष्ट तिची. तिला विचारा.

अण्णा म्हणाले, "ती काय सांगणार?" म्हणजे त्या घरात तोवर तिला कुणी विचारलंच नव्हतं.

रेखा आपली आपण आली, स्कूटीवरून. अण्णांनी मामांना पुन्हा बोलावलं होतं, खिडकीवर माझ्याकडून "नाही" वदवून घ्यायला. ओसरी भरलेली होती. रेखानं मामांच्या समोरचं बाकडं पकडलं. यापुढचं मी तिच्या परवानगीनं लिहिते आहे. ती म्हणाली, "लिहा मावशी, पण मी जेवढं बोलले तेवढंच लिहा."

ती म्हणाली, "मामा, मी इथं बसलेय. काय विचारायचं ते मला विचारा."

मामांनी अण्णांकडं पाहिलं. "पोरीला काय विचारायचं असतं?"

"मग खिडकीला काय विचारायचं असतं? आजार झाला तर तो मला होणार, खिडकीला नाही." आवाज चढलेला नव्हता. "मी सगळं सांगते. लहानपणापासूनचं सांगते. मग तुमच्या भाच्याचंबी सांगा. तो कुठल्या कुठल्या दवाखान्यात गेला, कशाला गेला, काय काय घेतो. इथंच बसून, माझ्यासमोर."

"मुलाकडच्यांना असं विचारत नसतात."

"व्हय? मी तर विचारलं."

बाकड्यावर सांधेदुखीची जुनी पेशंट खालाबी बसलेली होती. (तिनं नाव लिहायला मला स्वतः बजावून सांगितलंय.) ती मामांना म्हणाली, "सही बोली बच्ची. सौदा है तो दोनों तरफ से हुना, भाई." ओसरी हसली. मामा उठले. कुणी हसल्याशिवाय ते उठले असते का, कोण जाणे. रेखा जे सांगणार होती ते तिच्यापाशीच राहिलं.

पुढं सिल्लोडहून निरोप आला की मुलगा तयार आहे, मामांचं मनावर घेऊ नका. रेखानं नाही म्हणून कळवलं. जो स्वतः विचारायला येत नाही आणि मामाला खिडकीवर पाठवतो, त्याच्याशी उद्या घरात कुणामार्फत बोलायचं, असं तिचं म्हणणं. लग्न तिनं मोडलं. मी नाही, खिडकीनं नाही. पण अण्णांनी ते माझ्याच नावावर मांडलं. महिन्याच्या शेवटी मला सांगण्यात आलं की आता वय झालं, आराम करा. मी म्हटलं, वय झालं असेल तर रांगेत उभी करून तपासा. कुणी हसलं नाही.

खिडकीवर आता नवी मुलगी आहे, कॉम्प्युटर आहे. भिंतीला रंग दिला, तेव्हा फलक काढला आणि त्या जागी देणगीदारांचे फोटो लागले. फलक पाण्याच्या टाकीमागं उभा करून ठेवलाय. मी जाऊन बघून आले. नवी मुलगी वाईट नाही. मंगल सिस्टरसारखीच चांगली आहे. तीच तर भीती.

मी काही आराम करत नाही. दवाखान्याच्या फाटकासमोर गाळा घेतलाय. साड्या, ब्लाउजपीस, फॉल-पिको. समोरच का? मुद्दाम. जाणाऱ्या-येणाऱ्यांना मी दिसले पाहिजे. परवा एक बाई फॉल लावायला आली आणि हळूच म्हणाली, "मावशी, आज मी नणंदेचं नाव सांगितलं." म्हणजे पुन्हा सुरू झालं. मी साडी बाजूला ठेवली, तिला हाताला धरून फाटकातून आत नेलं आणि डॉक्टरबाईंच्या कानात खरं नाव सांगायला लावलं. नव्या मुलीला ते आवडलं नाही. न आवडू दे.

गाळ्यात चौकशीवालेही येतात. त्यांना वाटतं, नोकरी गेली म्हणजे कुलूपही गेलं. "आता तर तुम्ही तिथं नाहीत, आता सांगायला काय हरकत?" खिडकी त्यांनी माझ्याकडून काढून घेतली, पण खिडकीतून दिसलेलं माझ्याकडंच आहे, आणि ते विकत नाही हे मी किती वेळा सांगू?

गेल्या महिन्यात अण्णाच आले. गाळ्यात पहिल्यांदाच. "ताई" म्हणाले. मी स्टूल पुढं केलं, चहा सांगितला. रेखासाठी वाळूजच्या कंपनीतला एक मुलगा बघितलाय म्हणाले. मुलगा चांगला, घर चांगलं. फक्त तो मागं आपल्या दवाखान्यात यायचा, असं कानावर आलंय.

मी म्हटलं, "अण्णा, इथं कोण आलं, ते इथं सांगत नाहीत."

"हा दवाखाना थोडाच आहे. हे तुमचं दुकान."

"दुकानातबी तेच."

"निदान आला होता का नव्हता, एवढं तरी."

"तुम्ही अर्ध्या भावात मागताय."

अण्णांनी चहा संपवला. मग खरंच अडल्यासारखं विचारलं, "मग विचारायचं कुणाला?"

"मुलाला. आणि तो विचारेल ते रेखानं सांगायचं. माणसं दोन आणि तोंडं दोन, त्यात मामा कशाला?"

ते उठले. बाहेर रेखा स्कूटी चालू ठेवूनच बसली होती. काकांचा चेहरा बघून हसायला लागली. मला ओरडून म्हणाली, "मावशी, मी काकांना म्हटलं होतं, मावशी सांगायच्या नाहीत. पैज लावली होती." अण्णा मागं बसले. मी गाळ्याच्या पायरीवर येऊन विचारलं, "अण्णा, खिडकीचं काय ते बोला. आणि टाकीमागचा तो फलक?" त्यांनी रेखाला चल म्हणून खूण केली.

पैज ती जिंकली. खिडकी मला अजून मिळालेली नाही. पण स्कूटी वळताना अण्णांनी मान वळवून टाकीकडं बघितलं, ते मी पाहिलंय. मी समोरच बसलेय.